मोरीचे पाणी : उन्हाळ्यात न आटणारी विहीर



रत्नागिरीत पाण्याची टंचाई असते असे सांगितले, तर मराठवाड्यातला माणूस हसेल. त्याच्या गावी वर्षाकाठी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडला तरी सुगी झाली असे म्हणतात. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणजे पडलेला सगळा पाऊस जागच्या जागी उभा राहिला, तर पाणी माणसाच्या डोक्यावरून जाईल! आणि तरीही एप्रिल संपता संपता विहिरींचे तळ दिसू लागतात. शहराला पाणी देणाऱ्या शीळ धरणाची पातळी उतरली की काही उन्हाळ्यांत नळ दिवसाआड येतो. डोंगरावरच्या धनगरवाड्या टँकरची वाट पाहत बसतात, आणि टँकर जिथे चढत नाही तिथे बायाबापड्या हंडे घेऊन उतरतात.

हे कोडे मुळात काय आहे, ते आधी समजून घेऊ. कोड्याचे स्वरूप कळले की उत्तर कोठे शोधायचे तेही कळते.

टंचाई पाण्याची नव्हे, काळाची

आपल्या पायाखाली जांभा आहे. जांभ्याचा चिरा हातात घेऊन पाहा. त्यात जागोजाग भोके आणि नळ्या दिसतात. पावसाचे पाणी या नळ्यांतून झरझर आत जाते, आणि तितक्याच झटपट उतारावरच्या झऱ्यांतून, पऱ्ह्यांतून बाहेर पडून खाडीला मिळते. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, आणि जमीन सारी उतरती. त्यामुळे पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, आणि त्याचे पाणी फार काळ थांबत नाही. उरलेल्या आठ महिन्यांत पडतो तो अगदीच थोडा.

आता थोडे गणित करू. घराचे छप्पर १०० चौरस मीटरचे आहे असे धरा. त्यावर वर्षात ३ मीटर पाऊस पडला, तर ३०० घनमीटर, म्हणजे ३ लाख लिटर पाणी पागोळ्यांतून खाली येते. शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी लागते, असे भारतीय मानक सांगते. पाच माणसांच्या घराला रोज ६७५ लिटर, वर्षाला सुमारे अडीच लाख लिटर. म्हणजे एका घराला वर्षभर पुरेल, वर थोडे उरेल, इतके पाणी त्याच्याच कौलांवर पडते!

पण ते साठवायचे कोठे? कोरडे महिने आठ, म्हणजे २४० दिवस. २४० गुणिले ६७५ केले की १,६२,००० लिटर होतात. त्यासाठी ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल टाकी हवी. एवढी टाकी म्हणजे एक घरच झाले. ज्याची ऐपत आहे, ज्याला जागा आहे, त्याने लहानमोठी टाकी जरूर बांधावी. पण सर्वांना ते जमणार नाही, हे उघड आहे.

येथेच मला एका पाण्याकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. ते पाणी साठवावे लागत नाही, कारण ते रोज येते. जानेवारीत जितके येते तितकेच मे महिन्यात येते. मे महिन्यात थोडे अधिकच, कारण घामाने जीव हैराण झाला की आपण दोनदा आंघोळ करतो. त्याला ऋतू नाही. ते पाणी म्हणजे आपल्या मोरीतून बाहेर जाणारे पाणी.

१३५ लिटरांचा हिशेब मानकात दिलेला आहे. त्यात आंघोळीला ५५ लिटर, कपडे धुण्याला २०, भांड्यांना १०, घर धुण्यापुसण्याला १०, संडासाला ३०, स्वयंपाकाला ५ आणि पिण्याला ५. यातले आंघोळीचे व कपड्यांचे मिळून ७५ लिटर झाले. पाच माणसांचे ३७५ लिटर, आणि २४० दिवसांचे ९०,००० लिटर. म्हणजे त्या अवाढव्य टाकीच्या निम्म्याहून अधिक पाणी टाकी न बांधता, रोजच्या रोज, आपल्या दारातून वाहून जाते. बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात हा आकडा निम्मा भरेल. तरीही तो दिवसाला दोनशे लिटरांच्या आसपास राहील.

दोनशे लिटरांत काय होते? वाढत्या, फळत्या माडाला उन्हाळ्यात चार दिवसांतून एकदा सुमारे २०० लिटर, म्हणजे दिवसाला ५० लिटर पाणी द्यावे, असे नारळाचे जाणकार सांगतात. हिशेब सोपा आहे. एका घराच्या मोरीवर चार माड उभे राहू शकतात.

जुन्या घराला हे ठाऊक होते

यात मी नवे काही सांगत नाही. आपल्या आजीपणजीच्या घराच्या मागच्या अंगाला न्हाणीघर असे. त्याच्या मोरीचे पाणी दगडी पन्हळीतून परसात जाई. तिथे अळू, केळ, कर्दळ आणि एखादा माड हटकून असायचाच. विहिरीवर रहाटाने काढलेले पाणी डोणीत पडे, तेथून पाटाने पोफळींना जाई. पाणी काढायला श्रम पडत, म्हणून ते दोनदा वापरल्याशिवाय सोडायचे नाही, हा घरचा शिरस्ता होता. भांडी राखेने व नारळाच्या काथ्याने घासत. राखेत पोटॅश असते, तेही झाडांना मिळे.

मग घरे बदलली. जुनी घरे पाडून त्या जागी चार मजली इमारती आल्या. संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांचे पाणी एकाच नळात सोडण्याची पद्धत पडली. तो नळ टाकीत किंवा गटारात जातो. एकदा संडासाचे पाणी मिसळले की ते सगळेच घाण पाणी झाले. ते पुन्हा वापरायचे तर मोठे शुद्धीकरण यंत्र पाहिजे. म्हणजे घर बांधताना वाचवलेल्या एका नळापायी आपण ५० वर्षे रोज शेकडो लिटर पाणी घालवतो. आणि त्याच इमारतीच्या अंगणात, धरणातून आणून, गाळून, औषध घालून पिण्याजोगे केलेले पाणी रबरी नळीने जास्वंदीला घातले जाते. मला हे शास्त्राला धरून वाटत नाही आणि न्यायालाही धरून वाटत नाही.

न्यायाला का, तेही सांगतो. समजा, गावातल्या १,००० घरांनी बागेसाठी रोज २०० लिटर नळाचे पाणी वापरायचे सोडून दिले. २ लाख लिटर पाणी वाचले. १०,००० लिटरांच्या टँकरने मोजले, तर रोज २० टँकर झाले. एवढ्या पाण्यावर किती वाड्यांची तहान भागेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

समुद्राकाठी हे अधिक खरे

कोणी म्हणेल, सांडपाणी वाया जाते असे कशाला म्हणायचे? ते कोणाच्या तरी उपयोगी पडतेच की! देशावर हे काही अंशी खरे आहे. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते. ते किती स्वच्छ होऊन जाते हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे, पण पाणी खालच्या माणसाला मिळते. आपले तसे नाही. रत्नागिरीचे गटार काही किलोमीटरांत खाडीला मिळते. खाऱ्या पाण्यात गेलेले गोडे पाणी पुन्हा कोणाला मिळत नाही. ते परत यायचे तर सूर्याने त्याची वाफ करून पुढच्या पावसाळ्यात आणून द्यायची! म्हणून समुद्रकाठच्या गावाने वापरलेले पाणी पुन्हा वापरले, तर ती निव्वळ बचत असते. त्यासाठी वरच्या किंवा खालच्या कोणाचे पाणी तोडावे लागत नाही.

इस्राएल या कोरड्या, समुद्रकाठच्या देशाने हे ओळखले. तेथील शहरांचे सांडपाणी शुद्ध करून त्यातले ८५ टक्क्यांच्या आसपास शेतीला देतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तर २०२३ साली ९८ टक्के पाणी परत मिळवण्यात यश आले. अंतराळवीरांचा घाम, श्वासातली वाफ आणि मूत्र यांतूनच पिण्याचे पाणी तयार होते. पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवर पाणी पोचवणे किती खर्चाचे आहे, हे ठाऊक असल्यामुळे ते एक थेंबही टाकीत नाहीत. आपल्याला नळ फिरवला की पाणी मिळते, म्हणून त्याची किंमत दिसत नाही, इतकाच फरक.

पाणी कसे वापरावे

मोरीचे पाणी वापरायचे म्हणजे नळ परसात काढून दिला की झाले, असे नाही. त्यामागे थोडे शास्त्र आहे.

पहिली गोष्ट, हे पाणी साठवू नये. त्यात साबण, मळ, केस व अंगावरचे जंतू असतात. पाणी थांबले की जंतू वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. तो संपला की प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंचे राज्य सुरू होते. ते हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सोडतात. सडक्या अंड्यासारखा तो वास तुम्ही प्रयोगशाळेत घेतला असेलच. म्हणून आजचे पाणी आजच जमिनीत गेले पाहिजे. असे केले की त्यात डासही होत नाहीत.

दुसरी गोष्ट, पाणी आधी जाळीतून आणि मग खडी, जाड वाळू भरलेल्या लहानशा हौदातून न्यावे. केस व साबणाचा साका तिथे अडकतो. जाळी दर आठवड्याला धुवावी. नळाला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार पुरतो. पाणी स्वतःच्या वजनाने वाहते, पंप लागत नाही. भांड्यांच्या पाण्यात तेल आणि खरकटे असते. ते वेगळे ठेवून केळ-कर्दळीला द्यावे, किंवा आधी मडक्यात थांबवून तेलाचा तवंग काढून टाकावा.

तिसरी गोष्ट, पाणी पानांवर शिंपडू नये, मुळांशी आळ्यात द्यावे, आणि आळे झाकलेले असावे. माडाचे आळे सुमारे १.८ मीटर त्रिज्येचे असते, म्हणजे क्षेत्रफळ झाले साधारण १० चौरस मीटर. उन्हाळ्यात एका चौरस मीटरवर दिवसभरात सुमारे २ कोटी जूल सौर ऊर्जा पडते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख जूल लागतात, हा बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा तुम्ही शिकला आहात. भागाकार केला तर दर चौरस मीटरमागे जास्तीत जास्त ८ लिटरांची वाफ होऊ शकते. झावळ्यांची सावली असल्याने प्रत्यक्षात ती पुष्कळ कमी होते. एक चतुर्थांश धरली तरी १० चौरस मीटरांतून २० लिटर उडून जातील. ५० लिटरांपैकी २०! आळ्यात पाला, सुक्या झावळ्या किंवा नारळाची सोडणे अंथरली, तर यातला मोठा भाग वाचतो. सोडणे पाणीही धरून ठेवतात. आपल्याकडे बंबात जाणाऱ्या सोडणांचा हा अधिक चांगला उपयोग होय.

येथे जमीनच गाळणीचे काम करते. वरच्या हातभर मातीत असंख्य सूक्ष्म जीव असतात, ते साबण व मळ खाऊन टाकतात. त्यांना हवा लागते. म्हणून पाणी एकाच ठिकाणी ओतत राहू नये. आज या आळ्यात, उद्या त्या आळ्यात, अशी पाळी लावावी.

काय करू नये

प्रत्येक चांगल्या गोष्टीला मर्यादा असतात आणि त्या सांगणे शास्त्राच्या शिक्षकाचे कर्तव्य आहे.

कपड्यांच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. सोडियम साचला की मातीचे कण सुटे होतात, जमीन आवळते आणि मुळांना हवा मिळत नाही. देशावरच्या काळ्या जमिनीत हा धोका मोठा आहे. आपल्याकडे दर वर्षी तीन मीटर पाऊस जमीन धुऊन काढतो, म्हणून तो कमी आहे. तरी पहिल्या फेसाळ पाण्यापेक्षा खळबळण्याचे दुसरे-तिसरे पाणी झाडांना द्यावे. पांढरे कपडे ब्लीच घालून धुतले असतील, तर ते पाणी झाडांना मुळीच देऊ नये.

तान्ह्या मुलांची दुपटी आणि आजारी माणसाचे कपडे यांचे पाणी संडासाच्या नळातच गेले पाहिजे. कोथिंबीर, मुळा, पालक, टोमॅटो यांसारख्या, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा जमिनीलगत वाढणाऱ्या भाज्यांना मोरीचे पाणी देऊ नये. माड, केळ, पपई, चिकू, आंब्याची कलमे आणि फुलझाडे यांना द्यावे. विहिरीपासून निदान १५ मीटर, आणि शक्य असेल तर त्याहून दूर राहावे, कारण आपला जांभा सच्छिद्र आहे हे विसरून चालणार नाही.

याच कारणासाठी मला आणखी एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले, गटारे नाहीशी केली आणि डासांना हटवले. ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून त्याचा बोलबाला झाला, आणि तो योग्यच आहे. परंतु तो खड्डा जसाच्या तसा आणून आपल्या कातळावर खणावा, असे मला वाटत नाही. जांभ्यातल्या खोल खड्ड्यात सोडलेले पाणी न गाळता नळ्यांमधून थेट शेजाऱ्याच्या विहिरीत जाऊ शकते. आपल्याकडे पाणी खोल सोडण्यापेक्षा वरच्या मातीत पसरणे बरे. चांगली कल्पना उचलताना खालचा दगड कोणता, हे आधी विचारले पाहिजे.

आणि पावसाळ्यात? जून ते सप्टेंबर झाडांना या पाण्याची गरज नसते. जमीन तुडुंब असते, मोरीचे पाणी वरच तुंबेल. म्हणून नळाला दुहेरी तोटी हवी. आठ महिने पाणी बागेत आणि चार महिने गटारात.

माझे म्हणणे

आता मुद्द्यावर येतो. माझ्या मते कोकणातल्या प्रत्येक नव्या घराला आणि इमारतीला दोन नळ असावेत. एक संडासाचा, दुसरा मोरीचा. बांधताना हा दुसरा नळ टाकण्याचा खर्च एकंदर खर्चात नजरेतही भरत नाही. पुढे भिंती फोडून टाकायचा म्हटले की मग कोणी तयार होत नाही. बाग नसलेल्या इमारतीत हेच पाणी गाळून संडासाला वापरता येते. तिथेही माणशी ३० लिटर वाचतात. घर बांधण्याची परवानगी देताना पाऊसपाणी साठवण्याची अट जशी अनेक ठिकाणी घातली जाते, तशीच दोन नळांची अट घालावी.

दुसरे, ही सुरुवात शाळांनी करावी. यात अशक्य काही नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने युनिसेफच्या सहकार्याने मध्य प्रदेशातल्या धार व झाबुआ जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांत आंघोळीचे पाणी खडी-वाळूतून गाळून संडासाला व बागेला वापरण्याच्या योजना केल्या, आणि २००७ साली त्यांची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. आपल्या शाळेत पोषण आहारानंतर ३०० मुले हात व ताटल्या धुतात. मुलामागे एक लिटर धरले तरी ३०० लिटर झाले. म्हणजे रोज सहा माडांचे पाणी! शाळेच्या आवारात सहा माड लावायला कोणत्या योजनेची वाट पाहायची?

तिसरे म्हणणे थोडे कडू आहे. मोरीचे पाणी बागेला दिले, पण बागेचा नळही चालूच ठेवला, तर एक थेंबही वाचला नाही. पाणी मिळते म्हणून हिरवळ वाढवली, तर उलट गरज वाढली. बागेचा नळ बंद होईल तेव्हाच बचत सुरू होते. हे गणित टाळून केलेला पाण्याचा सगळा उपदेश पोकळ आहे.

तुम्ही करून पाहा

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, मोजा. एक आठवडा घरात आंघोळीला आणि कपड्यांना किती बादल्या लागतात, ते वहीत लिहा. बादलीचे माप आधी लिटरच्या भांड्याने काढा. मानकातले ५५ आणि २० लिटर तुमच्या घराला लागू पडतात का, ते कळेल.

दोन सारख्या कुंड्यांत सारखी माती भरा. दोन्हींत एक-एक लिटर पाणी घाला. एका कुंडीवर पाला पसरा आणि त्यानंतर दोन्ही कुंड्यांचे वजन करा. आठवडाभर दोन्ही रोज सायंकाळी वजन करून पाहा. बाष्पीभवनाचा आलेख तुमच्या वहीत आपोआप तयार होईल.

झेंडूची चार रोपे नळाच्या पाण्यावर आणि चार मोरीच्या पाण्यावर वाढवा. माती, ऊन आणि पाण्याचे माप सारखे ठेवा. फुले मोजा. मोरीच्या पाण्याची रोपे मागे पडली, तर तसे प्रामाणिकपणे लिहा आणि साबण बदलून पुन्हा करा. शिक्षकांनी हा प्रयोग विज्ञान प्रदर्शनासाठी राखून न ठेवता दर वर्षी एका वर्गाकडे सोपवावा. चार-पाच वर्षांत शाळेजवळ स्वतःच्या जमिनीची, स्वतःच्या पाण्याची नोंद तयार होईल. अशी नोंद कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

तुमच्यापैकी काही जण उद्या इंजिनियर होतील, काही गवंडी, काही नगरसेवक, आणि बहुतेक जण केव्हा ना केव्हा घर बांधतील किंवा विकत घेतील. त्या वेळी नकाशा समोर आला की एकच प्रश्न विचारा : मोरीचे पाणी कोणत्या नळाने जाते? उत्तर समाधानकारक नसेल तर सही करू नका.